घोड्याच्या पोटाखालचा लाल थेंब

थिनरमध्ये बुडवलेला रंग आधी फुगतो, मग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून सुटतो. हे मला कुणी शिकवायला नको. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, एका दुकानाच्या मागच्या गाळ्यात मी स्प्रे आणि पॉलिशचं काम करतो. जुना रंग काढायचा तर थिनर, हात धुवायचे तर थिनर, फरशीवर डाग पडला तर थिनर. म्हणूनच चिखलानं माखलेले बत्तीस घोडेस्वार घमेल्यात ठेवून वरून थिनर ओतताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. हात आधी गेला, डोकं मागून आलं. ते आलं तोवर पागोट्यांचा निळा, शेल्यांचा भगवा, घोड्यांचा तांबूस, सगळ्याचा मिळून एक गाळ झाला होता. त्यात धातूचे उघडे शिपाई पडले होते. करड्या अंगाचे, बिनडोळ्यांचे.

शिपाई माझे नव्हते. साहेबांचे होते.

साहेब अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामावर होते, आता रिटायर. बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर राहायचे, ते आणि काकू. मी सोळा वर्षांचा असताना त्यांच्याकडं सहा बाय चारचं टेबल पोचवायला गेलो होतो. मला वाटलं, जेवायचं असेल. साहेबांनी त्यावर हिरवं कापड टाकलं, पुठ्ठ्याचे डोंगर मांडले आणि अंगठ्याएवढे घोडेस्वार ओळीनं उभे केले. फासे टाकायचे, टेपनं इंच मोजून घोडी पुढं सरकवायची आणि लढाई खेळायची. शिपाई कोरे मिळतात, रंगवायचे आपण. मी दारातच खिळलो.

"आत ये की," काकू म्हणाल्या. "हे बघणारं कुणीतरी मिळालं एकदाचं. मी तर रोज फक्त धूळ बघते."

माझं गाव देगलूरच्या पलीकडं. आठवीतनं शाळा सोडून आलेलो, इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शाळेचं सांगताना माझी मान खाली गेली, तेव्हा साहेब म्हणाले, "ब्रश मार्कशीट मागत नाही." त्यानंतर चार वर्षं मी दर रविवारी तिथं होतो. काकूंच्या हातचं जेवलो, साहेबांच्या हाताखाली शिकलो. त्या घराचे उपकार मोजायला बसलो तर मला जमणार नाही.

मग स्प्रे गनचा खटका दाबून दाबून माझ्या उजव्या हाताचं बोट थरथरायला लागलं. एका रविवारी तीन चेहरे खराब केले. साहेब रागावले नाहीत, पण मलाच लाज वाटली. आधी एक रविवार चुकवला, मग दुसरा. बघता बघता नऊ वर्षं गेली. सणावाराला फोन करायचो, तेवढंच.

यंदा नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. शिपायांच्या शोकेसचे खालचे खण बुडाले. मी घर धुवायला गेलो तर साहेब पलंगावर बसलेले, मांडीवर चिखलाची पेटी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, दोन्ही डोळ्यांचं, एकामागून एक. तीन आठवडे ठाण्याला लेकीकडं राहणार होते.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "घाई करू नको. साधं पाणी, मऊ ब्रश. माती तेवढी काढ."

साधं पाणी म्हणाले होते. मी ऐकलंही होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू झाले. "निघतेय का माती?"

"निघतेय साहेब."

डोळ्यावर पट्टी, टीव्ही बंद, करमत नाही, म्हणून ते बोलत राहायचे. "तो तुटक्या भाल्याचा आहे ना, त्याचं पागोटं निळं करायला मला दोन दिवस लागले. आधी गडद, मग घडीच्या वरच्या कडेला फक्त फिकी रेघ." मी हं हं म्हणत पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला लिहून घ्यायचो. त्यांच्या तोंडून रंग काढून घेत होतो आणि त्यांना वाटत होतं, मी गप्पा मारतोय. एकदा ते म्हणाले, "बरं झालं हे वाचले. आता माझ्याच्यानं व्हायचं नाही रे. हात हलतो. ही शेवटची फौज." मी फोन ठेवला आणि गाळ्याच्या पायरीवर बसलो.

रंग आणले, शून्य नंबरचा ब्रश आणला. पहिले तीन शिपाई बघवत नव्हते. फर्निचरवाल्याचा हात, एका फटक्यात झाकायची सवय. रंग इतका जाड बसला की बोटं, लगाम, नाकं, सगळं बुजलं. चिक्कीवर पाक ओतल्यासारखं.

शेठ जेवून आले आणि मागं उभे राहिले. "ओ साईं, वो सोफा कौन पॉलिश करेगा? तेरी ये फौज?"

मी सगळं सांगून टाकलं. शेठ सिंधी आहेत, बोलायला तिखट. पण ते तडक बाहेर गेले. परत आले ते शेजारच्या घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग घेऊन. "दोपहर का एक घंटा तेरा. खिडकी के पास बैठ. और रो मत, रंग में पानी गिरेगा."

तिथं मी पुन्हा पहिलीपासून शिकलो. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एकाऐवजी दोन हात द्यायचे. ब्रश अर्धाच भरायचा, नाहीतर रंग वर ब्रशाच्या पत्र्याच्या टोपीत चढतो आणि केस फाकतात. भरला की कागदावर एक रेघ ओढायची, जादा रंग जातो आणि टोक जुळतं. थरथरीवर औषध नव्हतं, पण दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवून कोपरं टेबलावर रोवली की थरथर दोन्ही हातांत सारखी येते. शिपाई हलला तर ब्रशही त्याच्याबरोबर हलतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बिघडलेल्या बोटानंच शिकवलं.

डोळे साहेबांच्या पद्धतीनं केले. खोबणी आधी गडद तपकिरी भरायची, मग दोन्ही बाजूंना पांढऱ्याचे कण ठेवायचे. मधे उरतं ते बुबुळ. श्वास सोडून संपला की टेकवायचं, घेताना नाही. बारावा शिपाई माझ्याकडं बघायला लागला तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटली. मी कुणाचं काम पुसून त्याच्यावर हात साफ करत होतो?

एकविसाव्या दिवशी बत्तीस झाले. पेटी घेऊन मांजर्लीला गेलो. रिक्षात ठरवलं, सांगायचं. जिना चढताना ठरवलं, नाही सांगायचं. ठाण्याहून परतल्यावर ते वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले होते.

साहेबांच्या डोळ्यांत नवी लेन्स होती. एकेक शिपाई उजेडात धरून बघत होते.

"अगो, किती लख्ख दिसतात गं," ते काकूंना म्हणाले.

"तुम्हाला आता मीपण लख्ख दिसते. सांभाळून बोला," काकू म्हणाल्या.

मी हसलो नाही. साहेबांनी तुटक्या भाल्याचा घोडेस्वार उचलला, त्याला उलटा केला आणि घोड्याच्या पोटाखाली बघितलं. मग खिडकीशी नेऊन बघितलं. खूप वेळ.

"इथं लाल थेंब होता," ते म्हणाले. "तुझ्या पहिल्या रविवारी तुझ्या ब्रशातनं पडलेला. मी तो मुद्दाम ठेवला होता."

मला माहीतच नव्हतं. मी वरचे सगळे रंग विचारून घेतले होते. पोटाखाली कोण बघतं?

"थिनर?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"सगळे?"

"सगळे."

काकू आत निघून गेल्या. साहेबांनी शिपाई खाली ठेवला, दुसरा घेतला, तोही ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते हलत होते.

"मग मला माझं काहीच दिसलं नाही," ते म्हणाले. "डोळे आले आणि..."

मी पायांना हात लावायला वाकलो तर म्हणाले, "नाटक नको." मग त्यांनी पागोट्यावर बोट ठेवलं. "कड चांगली ओढलीस. माझ्यापेक्षा बारीक आहे." हे कौतुक मला आजपर्यंत पचलेलं नाही.

निघताना तुटक्या भाल्याचा तेवढा त्यांनी माझ्या हातात दिला. "तो थेंब परत टाक. झाला की ये."

रविवार झाले चार. दुपारी खिडकीशी बसतो, मनगटं जुळवतो, श्वास सोडतो. थेंब अगदी गोल, अगदी हवा तिथं बसतो, आणि बघितलं की कळतं, हा ठेवलेला आहे, पडलेला नाही. पुसतो. ओल्या बोळ्यानं, साध्या पाण्यानं. साहेबांचा फोन अजून आलेला नाही, आणि तसा थेंब पडल्याशिवाय मला त्या घरी जाता येत नाही. काल ब्रश पूर्ण भरून, मनगटं मोकळी सोडून बघितलं. थेंब पडला, पण खुरावर.