नऊ डबे घेऊन एडिनबराला

दोन आठवडे फोनवर इंग्लंडातच वाढलेल्या माझ्या लेकीचा, मुक्ताचा आवाज थकलेला येत होता. एडिनबराच्या हॉस्पिटलात ती फिजिओ आहे, नोकरीचं पहिलंच वर्ष. पोरगी धड जेवत नसणार, असं माझ्या मनानं घेतलं. गुरुवारी इथल्या देशी बाजारातून, बेलग्रेव्ह रोडवरून मेथी, मटकी, ज्वारीचं पीठ आणलं, नऊ डबे भरले आणि शुक्रवारी लेस्टर सोडलं.

पीटरबरोला गाडी बदलायची, पुढे थेट एडिनबरा. सगळे मिळून साडेपाच तास धरा. तिकीट महिनाभर आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. मी ऐन वेळी काढलं, तुम्ही तसं करू नका. जागा मात्र उजव्या हाताची मागा. बेरिक गावाच्या आसपास रूळ समुद्राच्या इतके जवळून जातात की अख्खा डबा फोन खाली ठेवून बाहेर बघायला लागतो. मीही बघत होते, क्रिस्प्स म्हणजे वेफर्स खात. डबे मुक्ताचे, ते कसे उघडणार?

मार्चमाँटमधल्या तिच्या फ्लॅटला लिफ्ट नाही, तीन मजले चढायचे. धापा टाकत पोचले, फ्रिज उघडला आणि थांबलेच. आत ओळीनं काचेचे डबे, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. राजमा, भाजलेल्या भाज्या, उकडलेली अंडी, दही.

"मी संडेला सगळा करून ठेवते, आई. शिफ्टवरून आल्यावर स्वयंपाक कोण करणार?"

"मग एवढी दमलेली का वाटतेस?"

"लाँग डेज आहेत, बारा-बारा तास, म्हणून! जेवते मी नीट."

खरं सांगते, आनंद व्हायच्या आधी मला वाईट वाटलं. माझे नऊ डबे ओट्यावर तसेच उभे होते.

शनिवारी सकाळी काल्टन हिल. ही टेकडी पाहाच, फुकट आहे, चढ दहा मिनिटांचा, आणि वरून किल्ला, बंदर, समुद्र एकदम दिसतात म्हणे. मी निम्म्यात बाकावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली.

मुक्तानं मनगट धरलं. "सकाळी काय खाल्ला?"

"चहा. दोन बिस्किटं."

"आणि घरी रोज काय खातेस?"

ती घरातून गेल्यापासून मी एकटीच. एकटीसाठी काय कुकर लावायचा, म्हणून ओट्यापाशी उभ्यानंच टोस्ट, नाहीतर चहाबरोबर शेव. मग तीन महिने लपवलेलं सांगून टाकलं, "जीपी डॉक्टरांनी सांगितलंय, साखर बॉर्डरला आहे."

तिनं पिशवीतून केळं आणि शेंगदाणे काढून माझ्या हातात दिले. मी खाऊ लागले तेव्हा तिचे डोळे भरले. "मला का नाही सांगितला? तू माझ्यासाठी नऊ डबे करतेस, आणि तुझा एक पण नाही?"

त्या दिवशी वरपर्यंत गेलोच नाही. सावकाश उतरून लीथ वॉकवरच्या दुकानातून पालक, गाजरं, मसूर घेतले. रविवारी पावसात दोघींनी मिळून स्वयंपाक केला. मी भाकऱ्या थापल्या, ती कागदावर माझा आठवडा लिहीत होती. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, उरलेल्यात डाळ किंवा उसळ, आणि भाकरी एकच.

"आणि पुरणपोळी?" मी विचारलं.

"होळीला खा ना! बंद काहीच नाही. पण शेव म्हणजे डिनर नाही, आई."

निघताना माझ्या डब्यांतले चार तिनं फ्रीझरमध्ये ठेवून घेतले, पाच माझ्याच बॅगेत परत भरले. गाडीत न्यूकासलच्या आधीच एक उघडला. मेथीचे ठेपले. शेजारच्या आजोबांनी वास कसला म्हणून विचारलं, त्यांनाही अर्धा दिला.

घरी येऊन तीन आठवडे झाले. रविवारी मटकी भिजवते, भाज्या चिरून ठेवते. एका बुधवारी सगळं मोडलं, कामावरची मीटिंग लांबली, पुन्हा टोस्टच झाला. गुरुवारी परत सुरू केलं. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आकडा काय येईल माहीत नाही. किल्ला आतून पाहायचा राहिला, त्याचं काही नाही. पण काल संध्याकाळी मी एकटीसाठी कुकर लावला, ताट वाढून घेतलं, आणि खुर्ची ओढून जेवायला बसले.