दिवाळीचा चिवडा आणि तिसरी भाषा

काय सांगू तुम्हाला, मराठीचा कैवार घ्यायला गेलो आणि आपल्याच घराची अब्रू मस्कतच्या शाळेत टांगून आलो!

झालं असं. आमची रेवा इथल्या भारतीय शाळेत पाचवीत आहे. तिसरी भाषा म्हणून अरबी नाहीतर फ्रेंच. मी म्हटलं, मराठी का नाही? आमच्या अल हैल भागात घरोघरी फिरलो, पोहे खाल्ले, भाषणं ठोकली. शाळा म्हणाली, पुरेशी मुलं आणा, वर्ग सुरू करू. आणली हो! फक्त दोन कमी पडली.

आणि शेजारच्या सीब भागातल्या सावंतांना जुळी!

सावंत आमचे जुने मित्र, दर शुक्रवारी आमच्याकडे चहाला. पण या बाबतीत हटून बसले होते. "अहो, फ्रेंचला मार्क पडतात. मराठी घेऊन पोरं काय करणार? तुमची रेवा तरी बोलते का?"

तिथेच तर माझं दुखणं होतं. रेवा आमच्याशी सगळं इंग्रजीत बोलते. तिला मराठी फारसं कळत नाही, असा आम्हा नवराबायकोचा पक्का समज. पण मी ऐकतोय होय? म्हटलं, "शाळेच्या मीटिंगला या, ऐकवतो!" आणि तिच्याकडून मायबोलीवरचं भाषण घोकून घेतलं.

मीटिंगला रेवा उभी राहिली. "माझी माय मराठी..." आणि खलास! पुढचं आठवेना. सावंत गालातल्या गालात हसायला लागले. एसी चालू असून मला घाम फुटला.

प्रिन्सिपल मॅडम केरळच्या, प्रेमळ बाई. म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा, घर में मम्मी-पापा जैसे बोलते हैं, वैसे बोलो."

रेवाचा चेहरा उजळला. हुबेहूब माझ्या सुरात सुरू झाली, "अगं ए, सावंत आले वाटतं! तो हलव्याचा डबा आत ठेव. दिवाळीचा उरलेला चिवडा काढ, त्यांना चालतो. आणि जेवायला थांबा म्हणू नकोस, खरंच थांबतील!"

कुठे अडखळली नाही! उच्चार काय, हेल काय! मॅडमना एक अक्षर कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचा हॉल सावंतांकडे बघत होता. मी फरशीकडे.

सावंत उठले. म्हटलं, वर्गही गेला आणि मित्रही गेला.

"मॅडम, हमारे दोनों का नाम मराठी में लिखो," सावंत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या घरात आमच्याबद्दल काय बोलतात, ते आमच्याही पोरांना कळायला नको?"

झाला वर्ग सुरू! पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. दारात सावंत, सहकुटुंब. मी तोंड भरून "या, या" करतोय, तोच स्वयंपाकघरातून रेवाचा खणखणीत आवाज आला.

"बाबा, आज कुठला चिवडा काढू? जुना की ताजा?"

अख्ख्या वाक्यात एक इंग्रजी शब्द नाही! खरं सांगतो, ऊर भरून आला. फक्त ताजा आणायचा मी विसरलो होतो.