सुनंदावहिनीची ताजी स्लाइड

माजिवड्याला भाजी घेत होते, तेव्हा मेधाचा फोन आला. "आत्या, आई गेली गं..." आजार काही महिन्यांचा होता, त्यामुळे मनाची तयारी झाली असेल, असं सगळे म्हणत होते. तयारीबियारी काही होत नसते. हातातली मेथी तिथेच टाकून रिक्षात बसले आणि डोंबिवलीपर्यंत रडले.

सुनंदावहिनी, मेधाची आई आणि माझ्या दादाची बायको, सूक्ष्मजीवतज्ज्ञ होती. लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, गुप्तरोग... या सगळ्यामागे नेमका कोणता जंतू आहे ते शोधायचं, हे तिचं काम. आमच्या नातेवाइकांना ते सांगायची लाज. "रक्त तपासते," म्हणून वेळ मारून न्यायचे. मी मात्र मुद्दाम सगळं सांगायची, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा! मला तिचा भारी अभिमान होता, आजही आहे.

निवृत्तीनंतर मी दुपारची तिच्या लॅबच्या काउंटरवर बसायची. तिचा एक हट्ट होता. अंगावरून जाण्याची तक्रार असेल तर बाहेरून पाठवलेला नमुना तिला चालायचा नाही, बाईने स्वतः यायचं. ट्रायकोमोनास नावाचा, नवरा-बायकोत एकमेकांना लागणारा जंतू त्याच्या वळवळीवरून ओळखू येतो. नमुना पडून थंड झाला की तो निपचित होतो आणि रिपोर्टात 'काही नाही' येतं. म्हणून नमुना घेतला रे घेतला, की वहिनी अर्धा चहा टाकून, काचेवर नमुन्याची ताजी स्लाइड करून मायक्रोस्कोपकडे पळायची. "जावई आलाय का गं आत?" मी चिडवायची.

एकदा एक नवी सून आली. बाहेरचे सगळे रिपोर्ट स्वच्छ. अंदाजाने दिलेल्या औषधांनी जरा बरं वाटायचं, की पुन्हा तेच. सासू म्हणत होती, हिच्यातच खोट आहे, माहेरी धाडा. वहिनीने बघता बघता जंतू पकडला आणि बाहेर थांबलेल्या नवऱ्याला लगेच आत बोलावलं. तो दारातच अडून उभा.

"मला काय त्रास नाय मॅडम. हिलाच होतं सारखं."

"तुम्हाला त्रास नाही, म्हणून तुम्ही औषध घेत नाही. म्हणून तिला परत होतं," वहिनी म्हणाली. "या, बघा."

त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. वळवळणारे जंतू दिसले. मग हळूच म्हणाला, "हे... हिच्यामुळे मला, का माझ्यामुळे हिला?"

"ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. डॉक्टरांकडून औषध घ्या, दोघांनी एकदमच."

इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या त्या मुलीने वर पाहिलं. ती काही माहेरी गेली नाही. गेली ती थेट पहिल्या बाळंतपणाला.

मेधाही आईसारखीच सूक्ष्मजीवतज्ज्ञ. गेल्या आठवड्यात तिने लॅब पुन्हा उघडली. मी काउंटरवर होते. तेव्हा दारात अडलेला तोच नवरा आला, आता पोट सुटलेला. वहिनीच्या फोटोला हात जोडून उभा राहिला... मग मागे वळून जिन्यात घुटमळणाऱ्या एका जोडप्यावर डाफरला, "अरे, लाजतोयस काय? आत ये. तू पण ये गं."

आणि मला म्हणाला, "धाकटा भाऊ आहे, मावशी. आईच बोलली, सूनबाईला एकटीला नको नेऊ, दोघांना घेऊन जा."