गुडघ्यातली तार

डॉक्टर शगुफ्ता मैंदर्गी गावात गोजरबाईंच्या अंगणात पोचली, तेव्हा निखाऱ्यांत सळई लाल होत होती. शेजारी खिलार बैल पुढचा पाय उचलून उभा. गुडघा सुजून टम्म झालेला. जनावर लंगडलं की सांध्यावर डाग द्यायचा, ही इथली जुनी रीत.

शगुफ्ताला ती रीत चांगलीच ठाऊक होती. तिचे अब्बा कासीमभाई सोलापुरात टांगा चालवायचे. त्यांची घोडी राणी अशीच लंगडली. पाय मुरगळला असेल म्हणून तिला डागलं. दोरी कासीमभाईंनीच धरली होती. सांध्यात पू झालेला आणि भाजली वरची कातडी. दुखणं रेड्याला, डाग पखालीला. घोडी गेली आणि शाळकरी शगुफ्तानं जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत, म्हणाली आणि झाली.

"आजी, डाग थांबवा. आधी सांध्यातलं पाणी बघू द्या."

"सुई घालून वंगण काढलं तर बैल कायमचा बसंल की," गोजरबाई म्हणाल्या. "मंग पेरणी कशावर करू? ह्यो एकच हाय शाणा. दुसरा नुसता वढतोय."

"चमचाभरच घेते. तुम्ही लाडवाचा पाक करता ना? तार बघता?"

"बघतो की."

"वंगण चांगलं असलं की त्यालाही तार येते. आली, तर पुन्हा सुई लावणार नाही."

गोजरबाईंनी सळई निखाऱ्यातून ओढून बाजूला ठेवली. विझवली मात्र नाही.

शगुफ्तानं गुडघ्यावरचे केस कापले, कातडी स्वच्छ धुतली आणि सुई घातली. सिरिंजमध्ये चढलं ते ताकासारखं गढूळ. थेंब हातमोज्याच्या बोटांत धरून तिनं बोटं अलग केली. तार नाही, थेंब पाण्यासारखा तुटला. गोजरबाई वाकून बघत होत्या. "पाक बिघडला म्हनायचा," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यावर शगुफ्ता थांबली नाही. कट्ट्यावर उन्हात आरशाचा मायक्रोस्कोप मांडला, थेंब काचेवर पसरून रंगवला. पांढऱ्या पेशींची नुसती खच्चून गर्दी. सांध्यात जंतू शिरले होते. तिथल्या तिथं सांधा सलाईननं धुतला, इंजेक्शनं सुरू केली. गोजरबाईंनी निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं.

घरी, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, तिनं अब्बांना सगळं सांगितलं. ऐकून कासीमभाईंनी विचारलं,

"रानी बी बचती थी क्या?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि तिचा जीवही तुटत होता. पण ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं, तिच्याबद्दल खोटं कसं बोलायचं?

"बचने का मौका था, अब्बा."

कासीमभाई उठून आत गेले. सकाळी ती सांधा पुन्हा धुवायला निघाली, तर ते आधीच गाडीत बसलेले.

मग दर खेपेला दोरी तेच धरू लागले, बैलाच्या कानाशी हलकं काहीबाही बोलत. गुडघा उतरत गेला. एका सकाळी शगुफ्तानं थेंब बोटांत धरला, बोटं अलग केली. बारीक तार आली, लांबत गेली.

"आला की पाक," गोजरबाई म्हणाल्या.

बैलानं चारही पाय जमिनीवर टेकले होते. शगुफ्तानं सामान आवरलं, हात धुतले. कासीमभाईंच्या हातून मात्र दोरी सुटत नव्हती.