एरंडेलावर चालणारं इंजिन

एरंडेलाच्या जागी मी स्कूटरचं ऑइल ओतलं. चूक म्हटली तर एवढीशी, चमच्याने मोजता येईल इतकी.

इंजिन वडिलांनी केलेलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून टर्नर म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत छोटं लेथ मशीन बसवलं आणि पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानाचं इंजिन करायला घेतलं. मूळच्यापेक्षा लहान, परातीत मावेल एवढं. सिलिंडर नऊ, आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. नऊ वर्षं लागली. शेवटच्या सिलिंडरला त्यांच्या हातांना कंप सुटला, म्हणजे दुसरं आता होणार नव्हतं. ब्याऐंशीव्या वर्षी एवढंच मागणं होतं: ते एकदा चालताना ऐकायचं.

या इंजिनाची गोष्ट सांगण्याचा मक्ता माझ्याकडे. बारसं असो की तेरावं, मी सुरू होतो. त्याला वंगण एरंडेलाचंच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडत, पोटात जात, आणि मग ढगांत त्या शूर वीराचं काय होई, याचा मी अभिनयही करतो. पुढे जर्मनांचं एरंडेल समुद्रावरच अडवलं गेलं. त्यांनी दुसरं तेल घातलं. इंजिनं हवेतच जाम झाली आणि विशी-बाविशीतली पोरं दगडासारखी खाली आली. इथे जेवणाऱ्यांचे हात थांबतात. मला ते आवडतं.

एरंडेलाशी माझी ओळख जुनी. लहानपणी वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील मला दोन गुडघ्यांत धरायचे, नाक दाबायचे आणि वाटी ओतायचे. ओकलो तर दुसरी वाटी. तेव्हा त्यांचा हात कधी थरथरला नाही.

तर त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन स्टँडवर बसवलं. बहीण, मेहुणे, शेजारी खुर्च्या टाकून बसले. वडिलांच्या हातून सांडायचं, म्हणून तेल भरायचं काम माझ्याकडे. एरंडेलाचं बूच काढलं, तो वास आला, आणि मी बाजूला ठेवलेला स्कूटरच्या ऑइलचा कॅन उचलला. ऑइल ते ऑइल, असं काहीतरी मनात म्हणालो असेन.

पंखा फिरवला. इंजिन चाललं. वडील डोळे मिटून, कान पुढे करून बसले होते. मिनिटभर, फार तर दीड. मग आवाज जाड झाला, एक किंकाळी फुटली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. एका सिलिंडरमधून रॉड बाहेर आला होता, मोडलेल्या हाडासारखा.

वडिलांनी तेलाला बोट लावून वास घेतला.

"एरंडेल कुठंय?"

मी बाटलीकडे पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली.

"जर्मनांकडे एरंडेल नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्याकडे काय नव्हतं?"

"काय राव," मेहुणे म्हणाले, "तुमच्या गोष्टीला नवा शेवट मिळाला."

सगळे हसले. मीही हसलो. वडिलांनी पंखा एकदा ढकलून पाहिला. हलला नाही. मग ते एकटेच लिफ्टकडे गेले.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "विसरलो गं. गडबडीत होतं असं."

ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

"ती एरंडेलाची गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय," ती म्हणाली. "तुम्ही त्यातला एक शब्दही कधी विसरला नाहीत."