रक्तदाबाचं मशीन घेऊन भाऊबीजेला: जळगाव ते धुळे

यंदा दिवाळीला खान्देशात जायचं ते तब्येत सांभाळूनच, असं बॅग भरतानाच ठरवलं होतं. गेल्या दिवाळीत तिथून परतलो तेव्हा डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघून असा चेहरा केला की त्यांच्यासाठी नेलेला फराळाचा डबा मी पिशवीतून काढलाच नाही. तेव्हापासून गोळी सुरू आहे. म्हणून या वेळी नियम केले: असू तिथे सकाळी चालायचं, गोळी चुकवायची नाही आणि गोड दिवसातून एकदाच. कपड्यांवर रक्तदाबाचं मशीन ठेवलं. धुळ्याला माझी मोठी बहीण असते, आमची अक्का. तिलाही फोन करून बजावलं, "माझ्यासाठी तेलकट-तुपकट काही करू नकोस. साधं वरण, कमी मिठाची भाजी, बास." फोन ठेवताना स्वतःवर फार खूश होतो.

सणात जाणाऱ्यांना एक सल्ला देतो. पुण्याहून जळगावच्या खासगी बसचं भाडं दिवाळीत दुपटीवर जातं, तेव्हा रेल्वेचं तिकीट फार आधी काढा. मी काढलं होतं, त्यामुळे पाडव्याच्या सकाळी झोप पूर्ण करून जळगावला उतरलो. प्रवासातली झोप हेही औषधच आहे.

शाळेपासूनचा मित्र सलीम मेहरूणला राहतो. त्याचं गाद्यांचं दुकान आहे आणि दिवाळीत सगळ्यांनाच नवी गादी हवी असल्याने त्याचे आधीचे पंधरा दिवस पळापळीत जातात. तरी मला घेऊन तो तिथल्या तलावावर आलाच. पाण्यावरून गार वारा येत होता, फटाक्यांचा धूर अजून खाली बसला नव्हता, म्हणून आम्ही सावकाश चाललो. नियम ऐकून सलीम हसायला लागला.

"नियम ठीक आहेत यार, पण खान्देशात 'नको' कोणाला ऐकू येत नाही. मी सांगतो ते कर. ताट रिकामं करू नको. रिकामं ताट दिसलं की वाढणारीचा हात थांबत नाही. हळूहळू खा, शेवटचा घास तसाच राहू दे."

दुपारी भाभींनी भरीत केलं होतं. काट्याकुट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. माझ्यासाठी तेलाचा हात आखडता घेतला म्हणाल्या. तरी ताटलीच्या कडेला तेल दिसत होतंच. शेवटचा घास राखून मी चक्क एका भाकरीत उठलो. सलीमने पाठ थोपटली. संध्याकाळी मशीनवरचा आकडा चांगला आला आणि माझी कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, पहाटेची एसटी धरली. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला अडीच तास लागतात. सणाला गाडी भरून येते, त्यामुळे जळगाव स्थानकातच चढा. माझ्या मागे दोन गृहस्थ फराळाची घरं मोजत बसले होते.

"किती घरं व्हयनात?"

"पाच. अजून तीन बाकी शेतस."

"आन् पोट?"

"पोटले कोन इचारस?"

अख्खी बस हसली. पारोळ्याला गरम भज्यांचा वास आला, तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

धुळ्यातल्या देवपुरात अक्काच्या घरी पोचलो तर ती स्वयंपाकघरात चुलीपुढे होती. उलट्या खापरावर पुरणाचा मांडा टाकत होती, हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढा केलेला. शेजारी गॅसवर दोन पातेली. मी झाकण उघडून पाहिलं: एकात नेहमीची आमटी, दुसऱ्यात बिनफोडणीचं वरण. कमी मिठाची भाजी वेगळी, साखर न घालता केलेली खीर वेगळी. ओट्यावर माझ्यासाठी भाजून ठेवलेला बिनतेलाचा चिवडा.

"अक्का, मी काही करू नको म्हणालो होतो ना?"

"मंग! तुन्हासाठे येगळं करं ना," ती म्हणाली. "पाव्हना उपाशी जाई का मना घरतून?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्या पथ्यामुळे तिचा एक स्वयंपाक वाचायच्या ऐवजी दोन झाले होते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, हळूच म्हणाले, "दोन दिवस झाले, धड बसून जेवली नाही. चहावर चाललंय." तेवढ्यात अक्का मांडा उतरवायला वळली आणि भिंतीला हात टेकून तशीच खाली बसली.

मला भीती वाटली. आई गेल्यापासून मला 'भाऊ' म्हणून हाक मारणारं हे एकच घर उरलंय. पाणी दिलं, जरा पडू दिलं, मग बॅगेतलं मशीन काढून तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा माझ्या गेल्या वर्षीच्या आकड्याहून वर होता. पुन्हा मोजला, तरी तोच.

"तुन्हं मशीन बिघडेल शे," अक्का म्हणाली. "तुयशीनं लगन व्हई जाऊ दे, मंग दवाखानामा जासू."

"तुळशीच्या लग्नापर्यंत कशाला थांबायचं? आज जायचं. आत्ता."

"भाऊबीजना दिन? गल्लीमधल्या बाया काय म्हनतीन?"

एरवी मी अक्कापुढे ब्र काढत नाही. पण त्या दिवशी पाटावर बसलोच नाही. दारात उभा राहून म्हणालो, "तू डॉक्टरकडे जाऊन येत नाहीस तोवर मी ओवाळून घेणार नाही." भाऊबीजेला भाऊ दारात ताटकळत उभा, हे तिला कसं सोसावं? तिने मला दोन शिव्या दिल्या, डोळ्याला पदर लावला आणि चपला घातल्या.

जवळचे एक डॉक्टर सणालाही सकाळचा थोडा वेळ बसतात. त्यांनी तपासलं, गोळी लिहून दिली, परत यायला सांगितलं आणि वर म्हणाले, "आजी, वेळेवर जेवायचं. बसून."

घरी आल्यावर तिने मला ओवाळलं. मग मी दोन ताटं शेजारी मांडली. "मी मंग जेवसू," ती सवयीने म्हणाली. "तू जेवशील तेवढंच मी जेवीन," मी म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. वाढायला दाजी उभे राहिले. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, पळी कुठे असते हे त्यांना त्या दिवशी कळलं. अक्काने अर्धा मांडा खाल्ला, मीही अर्धा खाल्ला. बिनसाखरेची खीर आम्ही दोघांनी दाजींना वाढली.

दुसऱ्या दिवशी पांझरा नदीच्या काठाने आम्ही तिघं चालून आलो. निघताना मशीन तिथेच ठेवलं.

पुण्याला येऊन आता आठ-दहा दिवस झालेत. चालणं चालू आहे, पारोळ्याची भजी मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. माझं पथ्य म्हणजे कुणाला तरी जास्तीचं काम, हे मात्र पक्कं लक्षात राहिलं. आता कुणाकडे गेलो तर केलेल्यातलंच थोडं खातो. अक्का जेवली की नाही, हे विचारायला रोज दुपारी फोन करतो. काल तुळशीचं लग्न होतं, घरात पाहुणे असणार, म्हणून मनात धाकधूक होती. फोन दाजींनी उचलला. मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि त्यावर अक्काचा खणखणीत आवाज:

"सांगा त्याले, मी जेवी ऱ्हायनू. मंग बोलसू!"