मिलिट्रीच्या ट्रकात मायची बाज

माझी माय दिवसभर बंगईवर झुलते आणि तिला कधी गरगरत नाही. तीच माय एसटीत बसली, की पहिला फाटा यायच्या आत तिच्या पोटात ढवळायला लागतं. मोटारीत तर त्याहून वाईट. बंद काचा आणि डिझेलचा वास, या दोन गोष्टींनी तिचं जग रावेर तालुक्यापुरतं करून टाकलं होतं. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख एकच होतं. तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, धुळे जिल्ह्यात साक्रीच्याही पलीकडे राहते. दोघींची भेट होऊन इतकी वर्षं झाली होती, की नक्की किती यावरून आमच्या घरात वाद व्हायचे.

फोन होता म्हणा. मावशीचा नातू व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. पण फोन म्हटला की तो कानाला लावायचा, एवढंच दोघींना ठाऊक. त्यामुळे मध्येच फोन कानावरून काढून डोळ्यांशी नेला, की मायला पडद्यावर मावशीचा कान दिसायचा आणि मावशीला मायचा. मी जळगावात राहते, सुट्टीला गावी गेले की हा सोहळा बघायचे. फोन समोर धर, असं सांगून सांगून माझं डोकं उठायचं. माय म्हणायची, समोर धरला तर ऐकू कसं येईल? शिवाय मावशीला मोतीबिंदूमुळे फारसं दिसतच नव्हतं, तेव्हा मीही नाद सोडला.

धाकट्या भावाला केळीच्या बागेखालोखाल भंगाराचा नाद. लष्कराच्या लिलावातून सुटलेला एक जुना ट्रक त्याने धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडून आणला आणि खळ्यात उभा केला. रंग उडालेला हिरवा, चाकं माझ्या कमरेपर्यंत, मागे नुसता हौदा. मी म्हटलं, पांढरा हत्ती ऐकून होते, हिरवा आज पाहिला. तो हसला. शेणखत वाहायला होईल, म्हणाला.

शेणखत राहिलं बाजूला. एक दिवस माय मिरच्या वाळवायला म्हणून शिडी लावून त्या हौद्यात चढली, आणि तिला उतरवायच्या आधीच भावाने गंमत म्हणून गाडी मळ्यापर्यंत नेली. परत आली तेव्हा माय मिरच्यांच्या मधोमध पदर खोचून बसलेली, केस वाऱ्याने विस्कटलेले, आणि तोंडावर मळमळीचा मागमूस नाही. तिने विचारलं, "पुढच्या गावापर्यंत नेतो का रे?"

त्या दिवसापासून भाऊ वेडा झाला. एरवी मी त्याच्या वेडांना नावं ठेवते, या वेडाला मात्र ठेवली नाहीत. हौद्यावर पत्र्याची खोली उभी राहिली. आपल्याकडचं ऊन ठाऊक असल्यामुळे त्याने दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोल भरलं. खिडक्या आठ, सगळ्या सरकत्या. केबिनच्या पाठीलाही एक खिडकी पाडली, म्हणजे गाडी चालवता चालवता त्याला मायशी बोलता येईल. एका कोपऱ्यात शेगडी, वर पाण्याची टाकी, आणि नळाला थेट ठिबकची नळी जोडलेली. पलंगाला माय कबूल होईना. तिला तिची सुतळीची बाज हवी होती, म्हणून बाजेचे चारही पाय लोखंडी पट्ट्यांनी तळाला आवळले. आरटीओच्या चकरा मारता मारता त्याच्या चपला झिजल्या, पण कागद झाले.

गाडी तयार झाली आणि माय मागे सरकली. आज गुडघा दुखतोय, उद्या पाहुणे येणार, परवा गहू निवडायचाय. मला राग यायचा. मग एकदा भाकरी थापताना ती हळूच म्हणाली, की अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं, तर पुन्हा निघायची हिंमत होणार नाही. मग बहिणीला तसंच विसरून जावं लागेल.

शेवटी दिवस ठरला. आमच्या भागात गाडी रिकामी निघत नाही, त्यातून बहिणीच्या दारी जायचं. भावाने हिरवे, भरलेले घड कापून आणले. खाली केळीची सुकी पानं अंथरली, बाजेखाली आणि भिंतीच्या कडेने घड रचले, धूळ नको म्हणून आठही खिडक्या लावल्या आणि दाराला कडी घातली. तेवढ्यात मायला आठवलं, की अमावास्या आडवी येतेय, नव्या गाडीने कसं निघायचं? निघणं पुढे गेलं. ट्रक उन्हात बंद उभा राहिला.

अमावास्या उलटल्यावर सकाळी दार उघडलं आणि आम्ही तिघंही तिथेच थबकलो. आतली सगळी केळी पिवळी झाली होती. कोवळं ऊन दारातून आत शिरलं तेव्हा खोलीभर पिवळा उजेड पसरला, आणि गोड वास अंगावर आला. केळी पिकवायला बंद उबदार खोली लागते, हे भाऊ गावाला शिकवतो. तीच खोली त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती आणि तिच्यात केळी भरली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मी इतकी हसले की मला शिडीवर बसावं लागलं.

माय मात्र हसली नाही. तिने एक केळं दाबून पाहिलं. पिकलेली केळी थांबत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती घरात गेली आणि लुगडं बदलून आली.

फैजपूर येईपर्यंत मी हातात प्लॅस्टिकची पिशवी तयार ठेवली होती. माय बाजेवर आडवी, डोळे मिटलेले. भाऊ मागच्या खिडकीतून दर थोड्या वेळाने विचारायचा आणि मी त्याला हातानेच गप्प करायचे. यावल गेलं. उजव्या हाताला सातपुडा निळा-निळा सरकत होता, खिडक्यांतून वारा येत होता, आणि पिकल्या केळ्यांच्या वासापुढे डिझेल कुठे नाकाला लागतच नव्हतं. जन्मभर ज्या वासात ती वावरली, त्याच वासात माय पडून होती. चोपड्याजवळ तिने डोळे उघडले, उठून बसली आणि एक केळं सोलून खाल्लं. मी पिशवीची घडी केली.

मग जिथे थांबलो तिथे तिने केळ्यांच्या फण्या वाटल्या. चहावाल्याला, मेंढ्यांमागच्या बाईला, पंक्चरवाल्याला. तापीच्या पुलावर गाडी हळू करायला लावून पाण्यात नाणं टाकलं. अमळनेर जवळ आलं तशी तिची बोली बदलायला लागली. तिचं माहेर याच भागातलं, लग्न होऊन रावेरकडे आली आणि तिकडचंच बोलू लागली. आता खिडकीतून ती अहिराणीत पुटपुटत होती, 'जवळ'ला 'जवय' आणि 'आहे'ला 'शे' म्हणत होती, मला निम्मं कळत होतं. आठ खिडक्यांतून आठ तुकडे ऊन आत हलत होतं आणि माझी माय एका न पाहिलेल्या मुलीसारखी बोलत होती. मला ती फार आवडली, आणि थोडी परकीही वाटली.

मावशीच्या गावात गल्ली अरुंद, म्हणून ट्रक पारापाशीच थांबला. मायचे पाय आखडले होते, तिला उतरता येईना. तेवढ्यात काठी टेकत मावशी स्वतःच आली. भावाने तिला धरून शिडीवरून वर घेतलं. ती बाजेवर मायच्या शेजारी बसली, तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात कानावर थांबला. तिने मान वाकडी करून अगदी जवळून पाहिलं.

"हाऊ कान मी वयखस," ती म्हणाली. ओळखला होता तिने, फोनवरचा तो कान.

मायला रडू फुटलं. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बऱ्याच वेळाने मावशीने डोळे पुसत विचारलं, तुझं गाव इथून कितलं दूर शे?

सकाळपासून स्टिअरिंगशी झुंजून भावाचे दंड भरून आले होते. माय त्याच्याकडे पाहत राहिली, मग बहिणीचा हात धरून म्हणाली, "जवयच शे."